कानात घालायचा माल : आवाजाची पारख कशी करावी?

ओझर हे गाव अष्टविनायकांपैकी विघ्नहराच्या देवळामुळे सर्वांना ठाऊक आहे. कुकडीकाठच्या या गावात संकष्टीला आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागते. जिथे गर्दी तिथे दुकाने, आणि जिथे दुकाने तिथे नवा माल. आमचा धंदा कापडाचा. टॉवेल, पंचे, शाली, दुपट्टे आणि शिलाईचे कापड हाच आमचा माल. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक बांधवांच्या कापडाच्या, किराणाच्या, चपलांच्या दुकानांतही एका खिळ्याला मोबाईलची कव्हरे, चार्जर आणि कानात घालायचे इयरफोन टांगलेले दिसू लागले आहेत. जागा कमी लागते, भांडवल कमी लागते, आणि गिऱ्हाईक स्वतःहून मागतो. मग हा माल कोण ठेवणार नाही?

आम्हीही ठेवला. २०१९ साली पुतण्याच्या आग्रहाने एका ठोक व्यापाऱ्याकडून चाळीस नग उचलले. साठ रुपयांना एक घेतला, दीडशेला विकला. चाळीस नगांवर छत्तीसशे रुपये सुटणार, असा हिशेब वहीत मांडून पुतण्या खूश झाला. महिना दीड महिन्यात त्यातले सतरा नग परत आले. कोणाचा एक कान बंद, कोणाच्या तारेचा सांधा तुटलेला, कोणाचे म्हणणे "आवाज घाण आहे". ठोक व्यापाऱ्याने माल परत घेतला नाही. गिऱ्हाइकांचे पैसे आम्ही परत केले. छत्तीसशेचे एक हजार पन्नास उरले, आणि जी माणसे तक्रार न करता गप्प बसली ती पुन्हा कापडालाही आली की नाही, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

त्या सतरांपैकी एक गिऱ्हाईक मात्र कायमचे लक्षात राहिले. नारायणगावच्या एका फडात ढोलकी वाजवणारा हा मनुष्य. त्याने इयरफोन काउंटरवर ठेवला आणि शांतपणे विचारले, "भाई, यात ढोलकी कुठाय?" मी म्हटले, "वाजतोय की, आवाज तर येतोय." तो म्हणाला, "आवाज येतोय. ढोलकी नाही येत. तुम्ही कापड विकता ना? लुगडं म्हणून पोतं दिलं तर चालेल का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तीस वर्षे कापड बोटांत धरून सूत ओळखणारा मी, जो माल विकत होतो त्याची पारख मला नव्हती. पारख नसलेला माल विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने जुगार खेळणे होय. तेव्हापासून जे शिकलो, विचारले, ऐकून पाहिले, ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहे.

ढोलकी, तुणतुणे आणि मंजिरी

आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात किती कंपने, यावर आवाज खर्जातला की चढा हे ठरते. निरोगी तरुण कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. वय वाढते तसा वरचा भाग कमी होत जातो. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्याने अगदी वरच्या आवाजाबद्दल ठाम मत देऊ नये. तिथे मी पुतण्याचे कान उसने घेतो.

इयरफोनच्या डब्यावर "२० ते २०,०००" असे छापलेले असते. साठ रुपयांच्या नगावरही असते आणि सहा हजारांच्या नगावरही असते. तेव्हा या आकड्यावरून काहीही कळत नाही. खरा प्रश्न असा की, त्या २० आणि २०,००० च्या मधले सर्व आवाज एकमेकांच्या प्रमाणात येतात की नाही? कुठे फुगवटा, कुठे खड्डा आहे का?

हे तपासायला आमच्या भागात दूर जावे लागत नाही. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. त्या ढोलकीवाल्याने मला जी परीक्षा शिकवली ती अशी. ढोलकी, तुणतुणे आणि मंजिरी असलेले एखादे चांगले ध्वनिमुद्रण घ्यावे. पहिल्यांदा ढोलकीच्या मोठ्या तोंडाचा घुमारा ऐकावा. तो खोल असावा, पण लगेच थांबावा. नुसते घूं घूं करीत राहिला तर यंत्रात दोष आहे. मग शाईच्या बाजूची टणक थाप ऐकावी. घुमारा आणि थाप हे दोन वेगळे हात आहेत असे वाटले पाहिजे. नंतर तुणतुण्याची एकच तार ऐकावी. तिची किणकिण ढोलकीच्या खाली दबून जाऊ नये. शेवटी मंजिरी. ती धातूची वाटावी. कागद चुरगाळल्यासारखी किंवा वाफ सुटल्यासारखी "स्स" वाटली तर वरचा आवाज बिघडलेला आहे.

या सर्वांच्या मधोमध गाणाऱ्या बाईचा आवाज. शब्द न शब्द कळला पाहिजे. तीन वाद्ये आणि एक गळा, चारही जण आपापल्या जागी उभे आहेत असे डोळे मिटून वाटले तर नग पास. परत आलेल्या त्या इयरफोनात मी हे ऐकून पाहिले. ढोलकीचा नुसता धपधप आवाज, तुणतुणे गायब, आणि बाई जणू शेजारच्या खोलीतून गात होती. ढोलकीवाला खरे बोलला होता.

तंबोऱ्याखालचे सूत

दुसरी परीक्षा मिरजेची. सांगली जिल्ह्यातील मिरज हे सतार आणि तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. हे काम प्रामुख्याने शिकलगार घराण्यांनी वाढवले. पूर्वी शस्त्रांना धार लावणारे हे लोक. राज्ये गेली, तलवारींचे काम संपले, तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्यांची दुरुस्ती करता करता वाद्ये घडवण्याची कला हस्तगत केली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेला होते, आणि त्यांच्यासारख्या गवयांच्या कानाखालून हा माल गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

कापडवाल्याने लक्षात ठेवावे अशी एक गोष्ट या तंबोऱ्यात आहे. तार ज्या घोडीवर टेकते तिथे तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तो धागा केसभर पुढे मागे केला की तारेचा झंकार खुलतो किंवा मिटतो. याला जवारी लावणे म्हणतात. जवारी लागलेली तार एकच सूर देत नाही. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर तिच्यातून उमटतात आणि सगळे मिळून एक भरलेला आवाज होतो. एका धाग्याने एवढा फरक पडतो, आणि तो फरक कारागीर कोणत्याही यंत्राशिवाय फक्त कानाने पकडतो.

इयरफोनात नुसता तंबोरा लावून दोन मिनिटे ऐका. झंकार उमलत राहिला, त्यातले बारीक सूर वेगवेगळे जाणवले, तर तो इयरफोन बारकावे दाखवणारा आहे. नुसती "टण्ण" अशी तार ऐकू आली तर त्याने वरचे सूर गिळले. ज्याला गाण्यात रस नाही त्याने आपल्या ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे, नात किंवा किराअत ऐकावी. ज्याचा खरा आवाज आपण समोर बसून ऐकलेला आहे, त्याच आवाजाने परीक्षा घ्यावी. ओळखीच्या कापडाशीच नवे कापड ताडून पाहतात.

आतले यंत्र

इयरफोनाच्या पोटात एक छोटा लाऊडस्पीकर असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सर्वांत जास्त चालणाऱ्या प्रकारात एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि मागे लोहचुंबक असते. तारेतून विजेचा प्रवाह आला की वेटोळे चुंबकाजवळ पुढे मागे हलते, पडदा हलतो, हवा हलते. हा प्रकार स्वस्त, टिकाऊ आणि खर्जाला चांगला.

दुसरा प्रकार श्रवणयंत्रांतून आला. बहिऱ्या माणसाच्या कानात बसवण्यासाठी तांदळाच्या दोन चार दाण्यांएवढी चपटी यंत्रे फार पूर्वीपासून बनत होती. अमेरिकेतील श्रवणतज्ज्ञ मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीने १९९१ साली तसेच यंत्र वापरून ईआर-४ हा संगीतासाठीचा इयरफोन काढला. त्यानंतर जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने १९९५ च्या सुमारास व्हॅन हेलन या रॉक मंडळींच्या ढोलवाल्यासाठी कानाच्या मापाचे इयरफोन बनवले, कारण स्टेजवरच्या गोंगाटात त्याला आपल्याच साथीदारांचे वाजवणे ऐकू येत नव्हते. म्हणजे या मालाचे दोन्ही पूर्वज गरजेतून जन्मले आहेत. एकाला कमी ऐकू येत होते, दुसऱ्याच्या भोवती फार आवाज होता.

डब्यावर "१० मिमी ड्रायव्हर", "१३ मिमी ड्रायव्हर" असे मोठ्या अक्षरात छापतात. मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज, असे नाही. कापडाचा नुसता काउंट सांगितल्याने कापड कळत नाही. सूत कसले, विणकर कोण, प्रक्रिया कशी, हे सगळे मिळून कापड होते. तसेच इथे पडदा कशाचा, मागची हवेची पोकळी किती, समोरची नळी केवढी, हे सर्व मिळून आवाज ठरतो.

आणखी एक अडचण कानाचीच. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती स्वतःच बासरीसारखे काम करते. ३,००० कंपनांच्या आसपासचा आवाज ती आपोआप वाढवते. माणसाच्या बोलण्यातील स्पष्टपणा याच भागात असतो. इयरफोन घातला की नळीचे तोंड बंद होते आणि ही नैसर्गिक वाढ मोडते. चांगला कारखानदार ती वाढ आपल्या यंत्रात भरून देतो. जो देत नाही त्याचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. जो जास्त देतो त्याचा आवाज टोचतो.

खळ दिलेला आवाज

आपल्यापैकी जे कापडात आहेत त्यांना खळ काय असते हे सांगायला नको. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ दिली की ते हाताला जाड, कडक, भारी लागते. गिऱ्हाईक खूश होऊन नेतो. पहिल्या धुण्याला खळ निघते आणि हातात जाळी उरते.

इयरफोनातला "एक्स्ट्रा बास" ही बहुधा अशीच खळ असते. खर्जाचा आवाज प्रमाणाबाहेर फुगवला की पहिल्या अर्ध्या मिनिटात फार दमदार वाटते. दुकानात नग विकायला अर्धे मिनिट पुरते. घरी नेऊन तासभर ऐकले की डोके जड होते, शब्द कळत नाहीत, आणि फुगलेला खर्ज मधल्या आवाजावर पांघरूण घालतो. खर्ज वाईट नाही. तो मुळात असेल तेवढाच यावा, एवढेच म्हणणे.

दुसरी फसवणूक नकळत होते. दोन इयरफोन एकापाठोपाठ ऐकले तर जो थोडा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे. म्हणून दोन नगांची तुलना करताना आधी दोघांचा आवाज सारखा करून घ्यावा, मगच मत द्यावे. दुकानातल्या झगमगत्या दिव्याखाली कापडाचा रंग पाहू नये, उन्हात नेऊन पाहावा, असे आपण प्रामाणिकपणे सांगतो. त्यातलाच हा प्रकार.

किमतीचे काय? २०१७ साली जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांच्या आवाजाचे मोजमाप करून पाहिले. आवाजाचे प्रमाण आणि दुकानातील किंमत यांचा एकमेकांशी संबंध आढळला नाही. म्हणजे महाग नग वाईट असतो असे नव्हे. महाग नगात तार, बांधणी, नाव, गॅरंटी यांचे पैसे असतात. पण नुसती किंमत पाहून आवाजाची खात्री देता येत नाही. दुकानदाराने ऐकूनच माल निवडावा.

रबराची टोपी

आता या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा रबराच्या टोप्या येतात. बहुतेक गिऱ्हाईक बसवलेली टोपी तशीच वापरतो आणि बाकीच्या डब्याबरोबर फेकून देतो. वस्तुतः निम्मा आवाज त्या टोपीत असतो. टोपी कानाच्या नळीला चारी बाजूंनी बसली नाही की फटीतून खर्ज निघून जातो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. चाचणी सोपी आहे. गाणे चालू ठेवून इयरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबताच ढोलकीचा घुमारा एकदम वाढला तर टोपी लहान पडते आहे. एक माप मोठी घ्यावी. दोन कानांना दोन वेगळी मापे लागली तरी त्यात नवल नाही.

बाहेरचा गोंगाट आत न येऊ देणे किती मोलाचे आहे, हे आमच्या शेजारचे खोडद सांगते. नारायणगावजवळच्या या गावी प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. जगभरचे शास्त्रज्ञ इथे येतात. ही जागा निवडण्याच्या कारणांपैकी एक असे की, इथे माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट कमी होता. बारीक काही ऐकायचे असेल तर आधी गोंगाट बाहेर ठेवावा लागतो, मग यंत्र कितीही मोठे असो. दहा रुपयांची टोपी कानापुरते हेच काम करते.

तारेचा की बिनतारी

तारेच्या इयरफोनाला बॅटरी नाही, जोडणीची कटकट नाही, आणि त्याच पैशात आवाज बहुधा अधिक चांगला मिळतो, कारण सर्व खर्च यंत्रावर होतो. दोष एकच. तार तुटते, आणि बहुधा पिनेजवळच्या वळणावरच तुटते. २०१६ पासून काही कंपन्यांनी मोबाईलमधील गोल पिनेचे भोक काढायला सुरुवात केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलचे बिनतारी एअरपॉड्स बाजारात आले. तेव्हापासून बिनतारी मालाचे पारडे जड झाले. ज्यांच्या मोबाईलला भोक नाही त्यांना चार्जिंगच्या भोकात बसणारी छोटी जोडणी लागते. ती जोडणी हलक्या दर्जाची असेल तर चांगला इयरफोनही खरखरतो, हे गिऱ्हाइकाला सांगावे.

बिनतारी मालात गाणे हवेतून पाठवण्यासाठी दाबून लहान करावे लागते. कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट एवढा मजकूर असतो. ब्लूटूथच्या सर्वसामान्य एसबीसी पद्धतीत तो सुमारे ३ लाख २८ हजारांपर्यंत आणला जातो. सोनीच्या एलडॅक पद्धतीत ९ लाख ९० हजारांपर्यंत जाता येते, मात्र मोबाईल आणि इयरफोन दोघांतही ती सोय हवी. परंतु खरे सांगायचे तर टोपी नीट बसलेली नसेल आणि खर्ज फुगवलेला असेल तर या आकड्यांचा फरक कानाला कळतही नाही. आधी गाठोडे नीट बांधावे, मग गाडीचा विचार करावा.

बिनतारी मालाची खरी मर्यादा बॅटरीची आहे. एवढ्याशा दाण्यात बसवलेली बॅटरी रोजच्या वापराने दोन तीन वर्षांत थकते आणि बहुतेक नगांत ती बदलता येत नाही. तारेचा चांगला नग, विशेषतः ज्याची तार सुटी होते असा, नीट वापरला तर त्याहून कितीतरी जास्त चालतो.

कारखान्यातला कान

इथवर आपण मालाबद्दल बोललो. आता माणसाबद्दल.

आमच्या दुकानाला लागून शिलाईची चार मशिने आहेत. त्यांवर बसणारा एक चोवीस वर्षांचा कारागीर दिवसभर कानात इयरफोन घालून काम करीत असे. काम चोख, म्हणून मी कधी हटकले नाही. एके दिवशी तो म्हणाला, "चाचा, रात्री मशीन बंद असते तरी कानात शिट्टी वाजते." कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा ४,००० कंपनांच्या जवळपास त्याचे ऐकणे उतरलेले निघाले. मोठ्या आवाजाची इजा बहुधा इथेच पहिल्यांदा दिसते, असे डॉक्टरांनी सांगितले. कानाच्या आतल्या शंखात सुमारे पंधरा हजार बारीक केसाळ पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

त्याच्या कानात कोणता इयरफोन होता? आमच्याच खिळ्यावरचा, साठ रुपयांचा. टोपी सैल, त्यामुळे मशीनचा आवाज आत येत होता. मशीनच्या वर गाणे ऐकू यावे म्हणून तो आवाज वाढवत होता. आवाज वाढवला की तो हलका नग फाटत होता, शब्द कळत नव्हते, म्हणून आणखी वाढवत होता. तोपर्यंत मी समजत होतो की चांगला आवाज ही शौकाची गोष्ट आहे. त्या दिवशी कळले की, निकृष्ट आवाज माणसाला आवाज वाढवायला भाग पाडतो, आणि वाढवलेला आवाज कान खातो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली यासाठी एक मानक ठरवले. प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची. पुढचा हिशेब व्याजासारखा चढतो. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला फक्त ५ तास. आता आपल्या कारागिराचा हिशेब करा. रोज दहा तास, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे ६० तास. तो अगदी ८० वर ऐकत असला तरी मर्यादा ओलांडतो. ८९ वर ऐकत असेल तर त्याचा आठवड्याचा कोटा पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच संपतो. जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांचे कान अशा ऐकण्याने धोक्यात आहेत, असे ही संघटना सांगते.

उपाय महाग नाहीत. मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. टोपी योग्य मापाची बसवावी, म्हणजे कमी आवाजातही शब्द कळतात. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. हातभर अंतरावरून कोणी बोलले आणि ते ऐकू आले नाही, तर आवाज जास्त आहे असे समजावे. कानात शिट्टी वाजू लागली तर वाट न पाहता तपासणी करावी. आणि पुणे-नाशिक रस्त्यावर चालताना, गाडी चालवताना, किंवा जिथे ओरडून दिलेला इशारा ऐकू यायला हवा अशा यंत्रापाशी दोन्ही कान बंद करून बसू नये. चांगली टोपी गोंगाटाबरोबर हॉर्नही बाहेर ठेवते.

दुकानदाराचा आणि दुरुस्तीवाल्याचा हिशेब

ज्यांना हा माल ठेवायचा आहे त्यांच्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी.

पहिली, नामांकित कंपनीच्या नावाचा नकली माल काउंटरवर येऊ देऊ नये. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या मनीष मार्केटकडे काय, चांगला माल विकणारे व्यापारी भरपूर आहेत. पण हजाराची वस्तू कोणी शंभरात देऊ लागला तर त्यात काय आहे हे विचारायची गरज नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ठोक व्यापारी पळतो, पकडला जातो तो खिळ्यावर टांगणारा. बिल घ्यावे, आणि बिलावर मालाचे नाव लिहून घ्यावे.

दुसरी, बिनतारी इयरफोन हे भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. नगावर किंवा डब्यावर मानकाची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तपासता येतो. दोन मिनिटांचे काम आहे.

तिसरी, प्रत्येक प्रकारचा एक नग ऐकवण्यासाठी उघडून ठेवावा. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी धुतलेली टोपी लावावी. एकाच्या कानातली टोपी दुसऱ्याच्या कानात घालणे म्हणजे रोगराईला आमंत्रण. आणि टोपीची तीनही मापे बसवून दाखवावीत. आमचा अनुभव असा की, योग्य टोपी बसवून दिलेला नग "आवाज घाण" म्हणून क्वचितच परत येतो.

चौथी, दुरुस्तीचे काम. एका कानाचा आवाज कमी झाला की बहुतेक लोक नग फेकतात. पुष्कळदा तोंडावरच्या बारीक जाळीत कानातला मळ बसलेला असतो. टोपी काढून, जाळी खाली धरून, कोरड्या मऊ ब्रशने साफ केले की आवाज परत येतो. पाणी किंवा स्पिरिट आत घालू नये. पिनेजवळ तुटलेली तार कारागिराला जोडता येते. या बारीक तारांवर रंगीत लाखेसारखा लेप असतो. तो गरम कैयाने जाळून कथील धरवल्याशिवाय सांधा पक्का होत नाही. आणि जोडताना एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या तर आवाज येतो, पण खर्ज नाहीसा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न राहता पोकळ होऊन पसरतो. दुरुस्तीनंतर एखादे साधे बोलणे लावून आवाज बरोबर मध्ये येतो का, हे तपासूनच नग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा.

आज आमच्या खिळ्यावर चाळीस नग नाहीत. तीनच प्रकार आहेत, तिन्ही मी आणि पुतण्याने ढोलकीवर आणि तंबोऱ्यावर ऐकून निवडलेले. नफा नगामागे पूर्वीपेक्षा कमी टक्क्यांचा आहे, पण परतीचा माल जवळजवळ थांबला. तो शिलाईचा कारागीर अजून आमच्याकडेच आहे. शिट्टी पूर्ण गेलेली नाही. तो आता दुपारपर्यंत कान मोकळे ठेवतो, नंतर हळू आवाजात ऐकतो.

ढोलकीवाला मागच्या पाडव्याआधी येऊन गेला. मी न बोलता एक नग त्याच्या हातात दिला. त्याने डोळे मिटून ऐकले, बोटांनी काउंटरवर ठेका धरला आणि म्हणाला, "आता ढोलकी आली." मग किंमत विचारली, आणि पन्नास रुपये कमी करायला लावले.